वैमानिकाची वही

माळशिरस तालुक्याच्या उत्तर हद्दीवरून नीरा वाहते. अलीकडे सोलापूर जिल्हा, पलीकडे पुणे जिल्ह्यातला इंदापूर तालुका. माळशिरसहून बारामतीला एसटीने जायचे तर दीड-दोन तास मोडतात. बारामतीच्या विमानतळापासून सरळ रेषेत मोजले तर मात्र हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते आणि उड्डाणशाळेतल्या दोन आसनी सेसनाला त्यासाठी पाव तास पुरतो. नीरेकाठच्या उसाच्या फडातल्या माणसांना शिकाऊ विमानांची घरघर आता नवी राहिलेली नाही. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात असेच एक प्रशिक्षण विमान कोसळले. ते चालवणारी शिकाऊ वैमानिक तरुणी जखमी झाली, पण बचावली.

बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया अशा गावांतून उड्डाणशाळा उभ्या राहिल्या, तसे वैमानिक होण्याचे स्वप्न अकलूज, नातेपुते, वेळापूरच्या घरांतही शिरले. पूर्वी ते मुंबईच्या जुहूभोवती किंवा हवाईदलातल्या घरांपुरते होते. या नव्या घरांत कोणाचा काका कॅप्टन नसतो. विमान कंपनीच्या मुलाखतीत काय विचारतात हे सांगणारे ओळखीचे कोणी नसते. जमीन गहाण टाकून, कर्ज काढून पन्नास लाखांच्या घरातला खर्च केलेला असतो. एवढे करून मुलाखतीच्या टेबलावर परवान्याच्या जोडीला ठेवायला त्या मुलाकडे एकच वस्तू असते. ती म्हणजे त्याचे लॉगबुक. ते आता कागदावरून संगणकात चालले आहे. हा बदल समजून घ्यायचा तर या वहीचा शंभर वर्षांचा प्रवास पाहावा लागतो.

वही दिसायला साधी असते. आडव्या पानावर रकाने: तारीख, विमानाचा प्रकार, ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणीची अक्षरे, कॅप्टन कोण, सहवैमानिक कोण, कुठून कुठे, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ. मग तासांचे रकाने: शिक्षकासोबतचे, एकट्याचे, पी-वन म्हणजे विमानाचा प्रमुख म्हणून, पी-टू म्हणजे सहवैमानिक म्हणून, दिवसाचे, रात्रीचे, केवळ उपकरणांवर विसंबून केलेले. शेवटी शेऱ्याची जागा. पानाच्या तळाशी बेरीज आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर तीच बेरीज पुन्हा. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास लागतात. त्यातले १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून केलेले हवेत. त्याशिवाय किमान ३०० सागरी मैलांचा एक प्रवास दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पुरा केलेला असावा लागतो. रात्रीच्या आणि उपकरणांवरच्या उड्डाणांची अट वेगळीच. पुढे विमान कंपनीत कॅप्टन व्हायचे तर त्यासाठीच्या परवान्याला १,५०० तास हवेत. यातली प्रत्येक अट वहीच्या कुठल्या ना कुठल्या रकान्यातून सिद्ध होते.

सुरुवातीला कायद्याला माणसापेक्षा यंत्राच्या नोंदीची काळजी जास्त होती. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली, पॅरिसमध्ये हवाई वाहतुकीचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या परिशिष्टांपैकी एक पूर्णपणे लॉगबुकांविषयी होते: विमानाच्या प्रवासाचे, विमानाचे, इंजिनाचे. समुद्रावरच्या जहाजांची शिस्त हवेत आणली जात होती. वैमानिकाची स्वतःची वही या व्यवस्थेच्या सावलीत वाढली आणि बघता बघता तिच्याइतकीच महत्त्वाची झाली. विमाने बदलतात, विकली जातात, भंगारात जातात. माणसाचे तास त्याच्याबरोबर राहतात.

भारतात या वहीचे पान उघडते ते १९२८च्या सुमारास, दिल्ली, कराची, कलकत्ता आणि मुंबई इथे फ्लाइंग क्लब निघाले तेव्हा. मुंबईचा क्लब जुहूला होता. तिथेच जे. आर. डी. टाटा उडायला शिकले. शिक्षकासोबत अवघी पावणेचार तासांची उड्डाणे झाल्यावर ते एकटे हवेत गेले. आज पहिल्या एकट्याच्या उड्डाणाआधी विद्यार्थ्याच्या वहीत याच्या कितीतरी पट तास जमलेले असतात. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या परवान्यावर क्रमांक होता १.

तीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, ते कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी पस मॉथ विमानात टपाल घेऊन निघाले. अहमदाबादला थांबून बैलगाडीतून आणलेले इंधन भरून घेतले आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूला उतरले. तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेले त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट यांनी. भारतीय हवाई टपालाच्या या पहिल्या दिवसाबद्दल आज मिनिटांसकट बोलता येते, कारण निघण्याच्या आणि उतरण्याच्या वेळा टिपून ठेवण्याची सवय या धंद्याला पहिल्यापासून होती. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी जे. आर. डी. पुन्हा त्याच मार्गाने लेपर्ड मॉथ घेऊन आले. आणि १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या आरोही पंडित हिने ‘माही’ नावाच्या छोट्या विमानातून भूज-अहमदाबाद-जुहू असे उड्डाण करून त्या दिवसाला मानवंदना दिली. त्याच्या दोन वर्षे आधी याच विमानातून तिने एकटीने अटलांटिक ओलांडला होता. तिन्ही प्रवासांत नोंदीचा ढाचा एकच: कुठून, कुठे, किती वाजता, कोणत्या विमानाने.

१९३४ साली भारताचा विमान कायदा झाला आणि १९३७ साली त्याची नियमावली. त्या नियमावलीत पुढे घातलेल्या ‘६७-ए’ या नियमाने वैमानिकाची व्यक्तिगत वही सक्तीची केली: नागरी विमान वाहतूक महासंचालकांनी ठरवून दिलेल्या नमुन्यात आणि शाईने. शाईची ही अट किरकोळ वाटेल, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिस्तीचे मूळ तिच्यात आहे. चुकलेला आकडा खरवडायचा नाही, त्यावर पांढरा रंग फासायचा नाही. एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. चूक दिसली पाहिजे आणि ती कोणी दुरुस्त केली हेही दिसले पाहिजे.

हवाईदलाने या वहीला आणखी भारदस्तपणा आणला. ब्रिटिश हवाईदलाची निळसर, कापडी बांधणीची लॉगबुके भारतीय हवाईदलातही वापरात आली. रात्रीची उड्डाणे लाल शाईने लिहायची. महिनाअखेरीस बेरजेखाली वरिष्ठांची सही घ्यायची. ठरावीक काळाने वैमानिकाच्या कौशल्याचा शेरा चिकटवायचा: असाधारण, सरासरीहून वर, सरासरी, सरासरीहून खाली. मुंबईत जन्मलेले आणि पुढे हवाईदलप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर यांच्या पिढीने ब्रह्मदेशची मोहीम आणि १९४७-४८चे काश्मीर अशाच वह्यांत लिहून ठेवले. युद्धाच्या इतिहासकारांना आज या वह्या सोन्यासारख्या वाटतात. सरकारी अहवालात जे सापडत नाही, ते वैमानिकाने आपल्या हाताने लिहिलेल्या चार शब्दांच्या शेऱ्यात सापडते.

१९५३ साली हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि नोकरी देणारे दोनच उरले: एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स. जागा थोड्या, उमेदवार भरपूर. क्लबमध्ये पैसे साठवून तास जमवणारी मुले वर्षानुवर्षे जाहिरातीची वाट पाहत. अशा मुलाखतीत वही चाळली जायची ती माणूस पारखण्यासाठी. या वहीला एक मोठा गुण होता, जो त्या काळातल्या फार थोड्या कागदांना असेल: तिच्यात स्त्री-पुरुष असा रकाना नाही. इंडियन एअरलाइन्सने १९६६ साली दुर्बा बॅनर्जी यांना घेतले. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांना सहवैमानिक घेऊन कलकत्ता-सिलचर मार्गावर फॉकर फ्रेंडशिप नेले, तेव्हा विमानातले सगळे कर्मचारीच स्त्रिया होत्या. बातमी देशभर झाली. सौदामिनीबाईंना कॅप्टनच्या खुर्चीपर्यंत नेले ते त्यांच्या तासांनी. तासांपुढे कुठल्याही मंडळाला बाई म्हणून वेगळा हिशेब मांडता येत नव्हता.

मग खासगी कंपन्यांचा काळ आला. २००३ साली एअर डेक्कन, २००६ साली इंडिगो. विमाने शंभराच्या संख्येने मागवली जाऊ लागली आणि वैमानिक कमी पडू लागले. २०० तासांचा परवाना हातात असलेल्या मुलाला थेट जेट विमानाच्या उजव्या खुर्चीत बसायला मिळू शकते, असे दिवस आले. तासांना बाजारभाव आला, आणि ज्याला बाजारभाव येतो त्यात भेसळ व्हायला वेळ लागत नाही.

इंग्रजी मुलखातल्या वैमानिकांत अशा भेसळीला जुने नाव आहे: ‘पी-५१’चे तास. दुसऱ्या महायुद्धातले पी-५१ हे नावाजलेले लढाऊ विमान आणि ‘पार्कर ५१’ हे तितकेच नावाजलेले फाउंटन पेन. विमानाऐवजी पेनाने उडवलेले तास ते हे. भारताला त्याचा धक्का बसला मार्च २०११मध्ये. बनावट गुणपत्रिका देऊन वरिष्ठ परवाना मिळवलेल्या वैमानिकांना अटक झाली. पाठोपाठ जयपूरच्या सरकारी उड्डाणशाळेत न केलेल्या उड्डाणांचे तास लिहून दिल्याचे प्रकरण राजस्थानच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने उघड केले. देशभरच्या परवान्यांची फेरतपासणी सुरू झाली, उड्डाणशाळांची झडती झाली.

त्या प्रकरणाची सर्वांत मोठी झळ लागली प्रामाणिकपणे शिकलेल्या मुलांना. ती झळ मोजायला कोणी बसले नाही. ज्यांच्या मागे नाव नव्हते, ज्यांची शाळा छोट्या गावातली होती, त्यांच्या खऱ्या तासांकडेही संशयाने पाहिले गेले.

खरे तर खोटा तास पकडणे अशक्य नसते. एका उड्डाणाची नोंद एकट्या वैमानिकाच्या वहीत राहत नाही. शाळेच्या उड्डाण-परवानगीच्या रजिस्टरात ती असते. विमानाच्या प्रवासाच्या आणि तांत्रिक लॉगमध्ये असते. इंजिनाच्या तासांच्या मीटरवर, इंधनाच्या नोंदीत आणि जिथे हवाई वाहतूक नियंत्रण असेल तिथे त्यांच्याकडेही असते. माळशिरसच्या शेतकऱ्याला हे सहज समजेल: फडात ऊस किती उभा होता हे तो कितीही खरे सांगो, कारखान्याचा हिशेब होतो काट्याच्या पावतीवर. वैमानिकाच्या व्यवस्थेत काट्याच्या पावत्या पाच-सहा ठिकाणी होत्या. त्या एकमेकींशी ताडून पाहण्याची सोय मात्र नव्हती, कारण प्रत्येक रजिस्टर वेगळ्या कपाटात होते.

संगणकाने ही कपाटे जोडली, पण उशिरा आणि दुसऱ्याच कारणाने. पाश्चात्त्य देशांतल्या वैमानिकांनी नव्वदच्या दशकात बेरजा सोप्या व्हाव्यात म्हणून तक्त्यांची संगणक-पत्रके वापरायला सुरुवात केली. त्यातून स्वतंत्र सॉफ्टवेअर आले. ‘लॉगबुक प्रो’, ‘लॉगटेन’, ‘एमसीसी पायलटलॉग’ ही त्यांतली नावे वैमानिकांच्या तोंडी रुळली. कंपनीच्या ड्युटीपत्रकातून उड्डाणे आपोआप उतरवून घेणे, त्या अक्षांश-रेखांशावर सूर्यास्त किती वाजता झाला ते काढून रात्रीचे तास वेगळे करणे, गेल्या नव्वद दिवसांत किती वेळा उतरलो हे क्षणात सांगणे, ही कामे कागदावर तासन्‌तास खात. अमेरिका आणि युरोपच्या नियामकांनी अशा नोंदी मान्य केल्या.

मुलाखतीत याचा पहिला फायदा दिसला तो अर्ज भरताना. विमान कंपन्यांचे अर्ज तासांची चिरफाड मागतात: एकूण किती, प्रमुख म्हणून किती, दोन इंजिनांवर किती, गेल्या बारा महिन्यांत किती, विशिष्ट विमानावर किती. कागदी वहीतून हे काढायचे म्हणजे गणकयंत्र घेऊन रात्र घालवायची आणि तरी कुठेतरी पाच मिनिटांचा फरक राहायचा. मुलाखत घेणाऱ्या अनुभवी कॅप्टनला असा फरक चटकन दिसतो. अर्जातला आकडा आणि वहीतला आकडा जुळला नाही, की पुढची दहा मिनिटे त्यावरच जातात. इलेक्ट्रॉनिक नोंदीतून निघालेली उत्तरे एकाच साठ्यातून येतात, म्हणून ती एकमेकींशी भांडत नाहीत.

पण नुसते सॉफ्टवेअर म्हणजे पुरावा नव्हे. आपल्याच फोनमध्ये आपणच लिहिलेली नोंद ही पेनाने लिहिलेल्या नोंदीपेक्षा जास्त खरी कशी ठरणार? उलट ती बदलणे आणखी सोपे; खाडाखोडही दिसत नाही. शाईच्या नियमाने जे जपले होते तेच इथे हरवत होते. म्हणून मुलाखतीला जाताना उमेदवारांनी छापील पाने काढावीत, बांधणी करावी, पानापानावर सही करावी आणि जुन्या शाळेच्या मुख्य प्रशिक्षकाची सही-शिक्क्याची पाने सोबत ठेवावीत, अशी रीत पडली.

भारतात या गोष्टीला निराळे वळण मिळाले ते ११ नोव्हेंबर २०२१ रोजी. त्या दिवशी नागरी विमान वाहतूक मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी ‘ई-जीसीए’ ही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची संगणकीय व्यवस्था कार्यान्वित केली. २९८ सेवा एका छताखाली आणण्याची ही योजना होती. वैमानिकाचे ई-लॉगबुक तिचाच भाग. इथे वैमानिक आपले उड्डाण भरतो, पण ते पक्के होते शाळेने किंवा कंपनीने मान्यता दिल्यावर. जो विमान चालवतो तो लिहितो, ज्याचे विमान आहे तो दुजोरा देतो आणि परवाना देणारा थेट पाहतो. पूर्वी वेगवेगळ्या कपाटांत असलेले साक्षीदार एका पानावर आले. २० फेब्रुवारी २०२५ रोजी वैमानिकांचा परवानाही इलेक्ट्रॉनिक झाला. हे करणारा चीननंतरचा दुसरा देश भारत ठरला. दरम्यान, १ जानेवारी २०२५पासून १९३४च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली होती.

आडगावातून आलेल्या उमेदवारासाठी हा बदल मोलाचा आहे, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. मुंबईच्या नामवंत क्लबातल्या मुलाचा तास आणि बारामतीच्या धावपट्टीवरचा तास आता एकाच पद्धतीने पडताळला जातो. शाळेच्या नावावरून संशय घ्यायला जागा कमी उरते.

तरीही सगळा भार एकट्या पडद्यावर टाकणे धोक्याचे आहे. मान्यता देणारी शाळा बंद पडली तर अडकलेल्या नोंदींचे काय? जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३मध्ये. कंपनी थांबली की तिच्या ड्युटीपत्रकांपर्यंतची वैमानिकाची वाट अरुंद होते, आणि नव्या दारात उभे राहताना ज्याने आपली नोंद आपल्याकडे ठेवली आहे तोच निर्धास्त असतो. बारामतीतल्या एका शाळेच्या विमानांना ऑक्टोबर २०२३मध्ये चार दिवसांत दोन अपघात झाले आणि तिचे प्रशिक्षण काही काळ थांबवले गेले. तिथल्या विद्यार्थ्यांचे तास तेव्हा जिथल्या तिथे अडकले. ज्यांची वही त्या तारखेपर्यंत भरलेली आणि सही झालेली होती, त्यांना निदान आपण कुठवर पोचलो हे दाखवता येत होते.

मुलाखतीच्या खोलीत एक गोष्ट जे. आर. डीं.च्या काळापासून बदललेली नाही. समोरचा कॅप्टन एखादी नोंद निवडतो आणि विचारतो: या दिवशी निघालात त्यापेक्षा वेगळ्याच विमानतळावर का उतरलात? या उड्डाणाला नेहमीपेक्षा वीस मिनिटे जास्त का लागली? इंधन किती उरले होते? संगणकाने रकाना भरला असेल, पण याचे उत्तर उमेदवारालाच द्यावे लागते. शेऱ्याच्या रकान्यात त्या दिवशी ‘ढग खाली आले, मागे फिरलो’ एवढे लिहिले असेल, तर दोन वर्षांनीही तो दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो. ज्याने महिन्याची उड्डाणे एका बैठकीत भरली, त्याला फक्त आकडे आठवतात.

म्हणून नातेपुत्यातून, अकलूजमधून किंवा माळशिरसमधून जी मुले-मुली आता या वाटेला लागली आहेत, त्यांच्या आईवडिलांनी फी भरण्याआधी शाळेला एवढे जरूर विचारावे: ई-लॉगबुकातल्या नोंदींना मान्यता किती दिवसांत देता, आणि ती देणारा अधिकारी कोण? मुलांनी प्रत्येक उड्डाणाची नोंद त्याच संध्याकाळी करावी, पडद्यावर आणि शाईनेही. शेऱ्याचा रकाना रिकामा सोडू नये. महिनाअखेरीची सही पुढच्या महिन्यावर ढकलू नये. आणि भरलेल्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घरी, आपल्या माणसांकडे ठेवून द्यावे.